गुग्लियेल्मो मार्कोनी

गुग्लियेल्मो मार्कोनी (२५ एप्रिल, इ.स. १८७४:बोलोन्या, इटली - २० जुलै, इ.स. १९३७:रोम, इटली) हे इटालियन संशोधक, अभियंता आणि उद्योजक होते. विद्युतचुंबकीय लहरींच्या साहाय्याने दूर अंतरावर बिनतारी संदेश पाठविण्याची व्यवहार्य पद्धत त्यांनी विकसित केली. या कार्यासाठी त्यांना इ.स. १९०९ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक कार्ल फेर्डिनांड ब्राउन यांच्यासमवेत विभागून देण्यात आले.

मार्कोनी यांचे नाव प्रामुख्याने अटलांटिक महासागरापलीकडे पाठविलेल्या पहिल्या बिनतारी संकेताशी जोडले जाते. मात्र त्यांच्या कार्याचा दैनंदिन जीवनावर झालेला पहिला मोठा परिणाम समुद्रावर दिसून आला. सतत जागा बदलणाऱ्या जहाजांचे आणि किनाऱ्यावरील स्थिर केंद्रांचे जे जाळे त्यांच्या कंपनीने उभे केले, ते फिरत्या बिनतारी संदेशवहनाचे पहिले व्यापारी जाळे मानता येते. हे जाळे केवळ एकाच कंपनीच्या ग्राहकांपुरते असावे की सर्वांसाठी खुले असावे, हा प्रश्न मार्कोनी यांच्या हयातीतच उद्भवला आणि आंतरराष्ट्रीय कराराने सोडवावा लागला.

बालपण आणि शिक्षण

मार्कोनी यांचा जन्म बोलोन्या शहरातील एका सधन कुटुंबात झाला. वडील ज्युसेप्पे मार्कोनी हे जमीनदार होते. आई ॲनी जेम्सन या मूळच्या आयर्लंडच्या असून व्हिस्कीच्या व्यवसायात प्रसिद्ध असलेल्या जेम्सन घराण्यातील होत्या. अल्फोन्सो हे त्यांचे थोरले बंधू. लहानपणी काही वर्षे मार्कोनी आई व भावासह इंग्लंडमध्ये राहिले. त्यामुळे इटालियन आणि इंग्लिश या दोन्ही भाषा त्यांना अवगत झाल्या. पुढे इंग्लंडमध्ये व्यवसाय उभारताना याचा त्यांना मोठा उपयोग झाला.

त्यांचे शिक्षण बरेचसे घरीच, खासगी शिक्षकांकडून झाले. लिव्होर्नो येथे विंचेन्झो रोझा यांच्याकडून त्यांनी विजेसंबंधीचे धडे घेतले. विद्यापीठाची पदवी त्यांनी मिळविली नाही. तथापि बोलोन्या विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ आउगुस्तो रिगी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. विद्युतचुंबकीय लहरींचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध करणारे जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्झ यांचे इ.स. १८९४ च्या प्रारंभी निधन झाले. त्यानिमित्ताने हर्ट्झ यांच्या कार्यावर प्रसिद्ध झालेले लेखन मार्कोनी यांच्या वाचनात आले आणि या लहरींचा उपयोग संदेश पाठविण्यासाठी करता येईल, या विचाराने ते झपाटले गेले.

पहिले प्रयोग

पोंतेक्कियो येथील व्हिला ग्रिफोने या कौटुंबिक निवासस्थानाच्या वरच्या मजल्यावर मार्कोनी यांनी प्रयोगशाळा थाटली. त्यांनी वापरलेले बहुतेक घटक इतर संशोधकांनी आधीच तयार केलेले होते. ठिणगीद्वारे लहरी निर्माण करण्याची युक्ती हर्ट्झ व रिगी यांची होती. लहरी ओळखणारी, धातूचा कीस भरलेली काचनळी म्हणजेच कोहीरर हे फ्रान्समधील एदुआर ब्रानली यांचे साधन होते आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांनी त्यात सुधारणा केल्या होत्या. मार्कोनी यांनी हे सर्व भाग एकत्र आणले, प्रत्येक भाग अधिक संवेदनक्षम व भरवशाचा केला आणि अंतर वाढविण्यावर लक्ष केंद्रित केले.

इ.स. १८९५ च्या उन्हाळ्यात त्यांच्या लक्षात आले की, प्रेषकाच्या आणि ग्राहक यंत्राच्या तारेचे एक टोक उंचावर व दुसरे जमिनीत पुरल्यास संकेत पुष्कळ दूरवर पोहोचतात. त्याच वर्षी त्यांनी घरासमोरील टेकडीपलीकडे संकेत पाठविला. संकेत मिळाल्याची खूण म्हणून टेकडीमागून बंदुकीचा बार काढण्यात आला. प्रेषक आणि ग्राहक एकमेकांच्या दृष्टिपथात नसतानाही संपर्क साधता येतो, हे या प्रयोगातून स्पष्ट झाले.

इंग्लंडमधील वास्तव्य आणि कंपनीची स्थापना

इ.स. १८९६ च्या प्रारंभी मार्कोनी आईसह लंडनला गेले. त्या काळी ब्रिटन हे जगातील सर्वांत मोठे सागरी राष्ट्र होते आणि बिनतारी संदेशाची सर्वाधिक गरज जहाजांना होती, कारण तार घालून जोडता न येणारी ती एकमेव महत्त्वाची ठिकाणे होती. २ जून, इ.स. १८९६ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज दाखल केला. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्यांना पाठबळ दिले. लंडनमधील टपाल खात्याच्या इमारती आणि सॉल्सबरीचे पठार येथे प्रात्यक्षिके झाली. मे १८९७ मध्ये ब्रिस्टलच्या खाडीवर, वेल्सच्या लॅव्हरनॉक पॉइंट येथून फ्लॅट होम बेटापर्यंत पाण्यावरून संदेश पाठविण्यात यश आले.

जुलै १८९७ मध्ये मार्कोनी यांनी आईकडील नातेवाईक हेन्री जेम्सन डेव्हिस यांच्या साहाय्याने लंडनमध्ये कंपनी स्थापन केली. इ.स. १९०० मध्ये तिचे नाव मार्कोनीज वायरलेस टेलिग्राफ कंपनी असे झाले. इ.स. १८९८ च्या अखेरीस चेम्सफर्ड येथे कंपनीचा कारखाना उभा राहिला.

जहाजांशी संपर्क

जुलै १८९८ मध्ये आयर्लंडच्या किंग्जटाउन येथील नौकाशर्यतीचे वृत्त मार्कोनी यांनी एका बोटीवरून किनाऱ्यावर कळविले आणि डब्लिनच्या वृत्तपत्राने ते छापले. त्याच वर्षी ब्रिटिश राजघराण्याच्या ऑस्बोर्न या नौकेवर यंत्र बसवून व्हिक्टोरिया राणी व युवराज यांच्यात संदेशांची देवाणघेवाण करण्यात आली. इंग्लिश खाडीतील धोकादायक गुडविन वाळूपट्ट्यावर असलेल्या दीपनौकेवरही यंत्र बसविण्यात आले. इ.स. १८९९ मध्ये एका जहाजाची या दीपनौकेला धडक बसली, तेव्हा तिने बिनतारी यंत्रावरून किनाऱ्याकडे मदत मागितली.

मार्च १८९९ मध्ये फ्रान्समधील विमरू आणि इंग्लंडमधील साउथ फोरलँड यांदरम्यान इंग्लिश खाडीपलीकडे संदेश गेला. नोव्हेंबर १८९९ मध्ये सेंट पॉल या जहाजावरून इंग्लंडकडे येताना मार्कोनी यांनी किनाऱ्यावरील केंद्राकडून बातम्या मिळविल्या आणि त्या जहाजावरच छापून प्रवाशांना वाटण्यात आल्या. इ.स. १९०१ मध्ये बाष्पशक्तीवर चालणाऱ्या वाहनावर संच बसवून जमिनीवरील फिरत्या केंद्राचा प्रयोगही त्यांनी केला.

ट्यूनिंग आणि गोपनीयतेचा प्रश्न

तारेतून जाणारा संदेश ठरावीक ठिकाणीच पोहोचतो. बिनतारी संदेश मात्र चहूकडे पसरतो आणि त्याचे माध्यम सर्वांना सामाईक असते. ठिणगी-प्रेषकांच्या लहरी विस्तृत पट्ट्यात पसरत असल्याने एकाच परिसरात दोन केंद्रे एकाच वेळी बोलू लागली, तर दोघांचेही संदेश अस्पष्ट होत. यावर उपाय म्हणून प्रेषक व ग्राहक एकाच वारंवारतेला जुळविण्याची, म्हणजेच ट्यूनिंगची पद्धत मार्कोनी यांनी विकसित केली. एप्रिल १९०० मध्ये तिच्यासाठी दाखल केलेले ब्रिटिश पेटंट ७७७७ या क्रमांकाने प्रसिद्ध आहे. या दिशेने लॉज यांनी आधीच काम केले होते आणि त्यांचे पेटंट पुढे मार्कोनी कंपनीला विकत घ्यावे लागले.

जुळविलेल्या यंत्रांमुळे संदेशांत इतरांचा व्यत्यय येत नाही, असा कंपनीचा दावा होता. जून १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये कंपनीचे सल्लागार जॉन ॲम्ब्रोझ फ्लेमिंग यांचे व्याख्यान सुरू असताना जादूगार व बिनतारी तंत्राचे जाणकार नेव्हिल मॅस्केलीन यांनी जवळच उभारलेल्या प्रेषकावरून टिंगल करणारे संदेश सभागृहातील ग्राहक यंत्रावर उमटविले. ट्यूनिंगमुळे केंद्रांमधील गोंधळ कमी होत असला तरी जाणूनबुजून केलेल्या हस्तक्षेपापासून त्याने संरक्षण मिळत नाही, हे या घटनेने जाहीरपणे दाखवून दिले.

अटलांटिकपार संकेत

इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील पोल्धू येथे कंपनीने शक्तिशाली प्रेषण केंद्र उभारले. त्याची रचना फ्लेमिंग यांनी केली होती. सप्टेंबर १९०१ मध्ये वादळात तेथील अँटेनाचे मनोरे कोसळले आणि तात्पुरती अँटेना उभारावी लागली. १२ डिसेंबर, इ.स. १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथील सिग्नल हिल या टेकडीवर पतंगाच्या साहाय्याने उंच चढविलेल्या तारेवर, सुमारे ३,५०० किमी अंतरावरून आलेला मोर्स लिपीतील एस या अक्षराचा तीन टिंबांचा संकेत ऐकू आल्याचे मार्कोनी यांनी जाहीर केले. संकेत कानाने ऐकला होता, त्याची स्वतंत्र नोंद झाली नव्हती आणि वेळ दिवसाची होती. त्यामुळे या दाव्याबद्दल तेव्हाही शंका घेतल्या गेल्या आणि अभ्यासकांमध्ये आजही मतभेद आहेत.

फेब्रुवारी १९०२ मध्ये फिलाडेल्फिया या जहाजावरून प्रवास करताना मार्कोनी यांनी पोल्धूहून येणारे संकेत कागदी पट्टीवर नोंदविले आणि जहाजाच्या कप्तानाकडून त्यांची साक्ष घेतली. या प्रवासात रात्री संकेत सुमारे ३,४०० किमीपर्यंत पोहोचतात, दिवसा मात्र त्यांचा पल्ला निम्म्याहूनही कमी होतो, असे आढळले. वातावरणाच्या वरच्या थरातील विद्युतभारित आवरणावरून लहरी परावर्तित होत असाव्यात, अशी कल्पना त्याच वर्षी ऑलिव्हर हेव्हिसाइड आणि आर्थर केनेली यांनी स्वतंत्रपणे मांडली. या आवरणाला पुढे आयनांबर हे नाव मिळाले.

डिसेंबर १९०२ मध्ये कॅनडातील ग्लेस बे येथून पूर्ण संदेश पोल्धूला पोहोचला. जानेवारी १९०३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा संदेश केप कॉड येथून ब्रिटनचे राजे सातवे एडवर्ड यांना पाठविण्यात आला. ऑक्टोबर १९०७ मध्ये आयर्लंडमधील क्लिफ्डेन आणि ग्लेस बे यांदरम्यान व्यापारी सेवा सुरू झाली.

जहाजांचे जाळे

इ.स. १९०० मध्ये सागरी संदेशवहनासाठी मार्कोनी यांनी स्वतंत्र कंपनी काढली. ब्रिटनमध्ये पैसे घेऊन तारसंदेश पोहोचविण्याचा एकाधिकार टपाल खात्याकडे होता. त्यामुळे कंपनीने यंत्रे विकण्याऐवजी ती जहाजकंपन्यांना भाड्याने देण्याचा मार्ग स्वीकारला. यंत्रासोबत ते चालविणारा संदेशकही कंपनीच पुरवीत असे. जहाजावर काम करणारा हा संदेशक जहाजाचा नव्हे, तर मार्कोनी कंपनीचा नोकर असे. इ.स. १९०१ मध्ये जगभरच्या जहाजवाहतुकीची माहिती ठेवणाऱ्या लंडनच्या लॉइड्स या संस्थेशी करार झाल्याने या जाळ्याचा वेगाने विस्तार झाला.

जहाजांवरील यंत्रांचा पल्ला सामान्यतः काही शे किलोमीटर असे आणि दिवसा तो आणखी कमी होई. महासागराच्या मध्यावरील जहाजाला किनाऱ्याशी थेट बोलता येत नसे. अशा वेळी संदेश वाटेतील दुसऱ्या जहाजाकडे दिला जाई आणि ते जहाज तो पुढच्या जहाजाकडे किंवा किनाऱ्यावरील केंद्राकडे पोहोचवी. कोणते जहाज कोणत्या दिवशी कोठे असेल आणि कोणती जहाजे परस्परांच्या टप्प्यात येतील, हे दाखविणारे उत्तर अटलांटिकचे संपर्कनकाशे कंपनी प्रसिद्ध करीत असे. नकाशावर प्रत्येक जहाजाचा मार्ग रेषेने दाखविलेला असे. दोन रेषा कोठे छेदतात हे पाहून संदेश कोणाकडे सोपवावा, याचा निर्णय संदेशक घेत. प्रत्येक केंद्राला अक्षरांची ओळखखूण दिलेली असे. उदाहरणार्थ, टायटॅनिकची ओळखखूण एमजीवाय ही होती.

परस्परसंपर्काचा वाद

मार्कोनी कंपनीच्या नियमानुसार तिच्या केंद्रांनी केवळ मार्कोनी यंत्रे असलेल्या केंद्रांशीच संदेशांची देवाणघेवाण करावयाची होती. संकटकाळ तेवढा याला अपवाद होता. किनाऱ्यावरील केंद्रे कंपनीने स्वतःच्या खर्चाने उभारली असून इतरांच्या यंत्रांना त्यांचा फुकट लाभ का द्यावा, अशी कंपनीची भूमिका होती. वेगळ्या पद्धतीच्या यंत्रांमुळे व्यत्यय वाढेल, असेही कारण दिले जाई. परिणामी, जहाजाला अधिकाधिक केंद्रांशी बोलता यावे म्हणून जहाजकंपन्या मार्कोनी यंत्रेच निवडीत आणि जाळे जसजसे वाढे तसतसे प्रतिस्पर्ध्यांना त्यात शिरणे कठीण होई.

इ.स. १९०२ मध्ये जर्मनीचे राजपुत्र हाइनरिख अमेरिकेचा दौरा आटोपून डॉइचलांड या जहाजाने परतत होते. या जहाजावर जर्मन बनावटीचे यंत्र असल्याने राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना आभाराचा संदेश पाठविण्याच्या प्रयत्नाला मार्कोनी केंद्रांनी प्रतिसाद दिला नाही. या घटनेनंतर जर्मन सरकारने पुढाकार घेऊन इ.स. १९०३ मध्ये बर्लिन येथे प्राथमिक आंतरराष्ट्रीय परिषद बोलाविली. यंत्र कोणत्याही पद्धतीचे असो, किनाऱ्यावरील केंद्राने जहाजाचा संदेश स्वीकारलाच पाहिजे, असा प्रस्ताव तेथे मांडला गेला. ब्रिटन आणि इटली यांनी मार्कोनी कंपनीशी असलेल्या करारांमुळे त्यास विरोध दर्शविला.

नोव्हेंबर १९०६ मध्ये बर्लिन येथील दुसऱ्या परिषदेत आंतरराष्ट्रीय बिनतारी करार संमत झाला आणि तो जुलै १९०८ पासून अमलात आला. किनारा आणि जहाज यांच्यातील संपर्क पद्धतीचा भेद न करता बंधनकारक करण्यात आला. संकटसंदेशांना अग्रक्रम देण्यात आला आणि एसओएस ही सार्वत्रिक संकटखूण ठरविण्यात आली. जहाज ते जहाज संपर्क बंधनकारक करण्याचा मुद्दा मात्र सर्वमान्य झाला नाही. तो इ.स. १९१२ च्या लंडन परिषदेत मान्य करण्यात आला. मार्कोनी यांनी या बंधनाला दीर्घकाळ विरोध केला होता. त्यांनी निर्माण केलेल्या साधनाचा पूर्ण उपयोग मात्र या बंधनामुळेच शक्य झाला.

रिपब्लिक आणि टायटॅनिक

जानेवारी १९०९ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ धुक्यात रिपब्लिक आणि फ्लोरिडा या जहाजांची टक्कर झाली. रिपब्लिकवरील मार्कोनी संदेशक जॅक बिन्स यांनी अनेक तास संदेश पाठवून मदत मिळविली आणि दोन्ही जहाजांवरील मिळून १,५०० हून अधिक लोकांचे प्राण वाचले. जुलै १९१० मध्ये खुनाच्या आरोपावरून फरारी असलेल्या डॉ. क्रिपेन यांना माँट्रोझ जहाजाच्या कप्तानाने पाठविलेल्या बिनतारी संदेशामुळे अटक झाली. या घटनांनी बिनतारी यंत्रांवरील लोकांचा विश्वास दृढ झाला.

१४ एप्रिल, इ.स. १९१२ च्या रात्री टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळले. जहाजावर जॅक फिलिप्स आणि हॅरोल्ड ब्राइड हे मार्कोनी कंपनीचे संदेशक होते. त्या रात्री फिलिप्स न्यूफाउंडलंडमधील केप रेस या केंद्राकडे प्रवाशांचे साठलेले खासगी संदेश पाठविण्यात गुंतले होते. जवळच बर्फात थांबलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाचे संदेशक सिरिल इव्हान्स यांनी बर्फाची सूचना देण्याचा प्रयत्न केला, तेव्हा केप रेसशी चाललेल्या संभाषणात व्यत्यय येत असल्याने फिलिप्स यांनी त्यांना थांबण्यास सांगितले. काही वेळाने इव्हान्स यंत्र बंद करून झोपले. त्यांच्या जहाजावर ते एकटेच संदेशक होते. थोड्याच मिनिटांत अपघात झाला आणि सर्वांत जवळच्या जहाजांपैकी एकाला टायटॅनिकची हाक ऐकू आली नाही.

सुमारे १०० किमी अंतरावरील कार्पेथिया जहाजाचे संदेशक हॅरोल्ड कॉटम झोपण्याच्या तयारीत असताना योगायोगाने यंत्रावर होते. त्यांनी संकटसंदेश ऐकून कप्तानाला कळविला. पहाटे तेथे पोहोचलेल्या कार्पेथियाने ७०० हून अधिक लोकांना वाचविले. सुमारे १,५०० लोक मृत्युमुखी पडले. कार्पेथियाच्या यंत्राचा पल्ला कमी असल्याने वाचलेल्यांची नावे ऑलिंपिक या जहाजामार्फत केप रेसकडे पोहोचविण्यात आली.

मार्कोनी त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये होते. प्राण वाचल्याबद्दल लोकांनी त्यांच्याविषयी कृतज्ञता व्यक्त केली. त्याचबरोबर अमेरिकी सिनेटच्या चौकशी समितीने त्यांची साक्षही घेतली. संदेशकांनी आपली हकीकत वृत्तपत्राला विकण्यास कंपनीने दिलेली मुभा आणि कार्पेथियाकडून माहिती मिळण्यास लागलेला विलंब यांबद्दल त्यांना प्रश्न विचारण्यात आले. इ.स. १९१४ मध्ये लंडन येथे झालेल्या सागरी सुरक्षाविषयक आंतरराष्ट्रीय करारात मोठ्या प्रवासी जहाजांवर चोवीस तास बिनतारी पहारा ठेवण्याची तरतूद करण्यात आली.

याच सुमारास ब्रिटिश सरकार आणि कंपनी यांच्यातील करारावरून मोठा राजकीय वाद झाला. मार्कोनींच्या अमेरिकी कंपनीचे समभाग काही ब्रिटिश मंत्र्यांनी खरेदी केल्याचे उघड झाल्याने हा वाद मार्कोनी प्रकरण म्हणून ओळखला जातो.

लघुलहरी आणि पुणे परिसरातील केंद्रे

दूरच्या संदेशासाठी दीर्घ लहरी आणि प्रचंड शक्ती आवश्यक आहे, असे सुरुवातीस मार्कोनी यांच्यासह सर्वच अभियंते मानीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात मार्कोनी आणि त्यांचे सहकारी चार्ल्स फ्रँकलिन यांनी लघुलहरींवर पुन्हा प्रयोग सुरू केले. युद्धानंतर मार्कोनी यांनी एक मोठी नौका खरेदी करून तिचे नाव इलेत्रा असे ठेवले. हीच त्यांची तरंगती प्रयोगशाळा बनली. इ.स. १९२३ मध्ये ही नौका आफ्रिकेच्या पश्चिमेकडील केप व्हर्दे बेटांपर्यंत नेऊन त्यांनी पोल्धूहून येणाऱ्या लघुलहरींची मोजमापे घेतली. कमी शक्तीच्या लघुलहरी परावर्तकाने शलाकेसारख्या एका दिशेला वळविल्यास त्या हजारो किलोमीटरपर्यंत पोहोचतात, असे दिसून आले.

इ.स. १९२४ मध्ये ब्रिटिश सरकारने या शलाका पद्धतीने साम्राज्यातील देश जोडण्याचा करार कंपनीशी केला. इ.स. १९२६ मध्ये कॅनडाशी, तर इ.स. १९२७ मध्ये ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि भारत यांच्याशी सेवा सुरू झाली. भारताकडील प्रेषण केंद्र पुण्याजवळ खडकी येथे आणि ग्रहण केंद्र दौंड येथे होते. प्रेषक आणि ग्राहक एकमेकांपासून दूर ठेवल्याने येणाऱ्या क्षीण संकेतांत स्वतःच्याच प्रेषकाचा अडथळा येत नसे. इंग्लंडमधील त्यांची जोडीदार केंद्रे ग्रिम्सबी आणि स्केगनेस येथे होती. ही सेवा इतकी स्वस्त व जलद ठरली की समुद्राखालील तारांच्या कंपन्या अडचणीत आल्या आणि इ.स. १९२९ मध्ये तारा व बिनतारी या दोन्ही सेवांचे एकत्रीकरण करण्यात आले.

सूक्ष्मलहरी आणि प्रसारण

इ.स. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या संस्थापकांत मार्कोनी कंपनीचा समावेश होता. फेब्रुवारी १९३१ मध्ये मार्कोनी यांनी उभारलेल्या व्हॅटिकन रेडिओचे उद्‌घाटन पोप अकरावे पायस यांच्या हस्ते झाले. इ.स. १९३३ मध्ये व्हॅटिकन आणि पोप यांचे कास्तेल गांदोल्फो येथील निवासस्थान यांदरम्यान एका मीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या लहरींवर चालणारा दूरध्वनी दुवा कार्यान्वित झाला. इ.स. १९३४ मध्ये सेस्त्री लेव्हांते येथे इलेत्रा नौका केवळ बिनतारी संकेतांच्या आधारे बंदराकडे नेण्याचे प्रात्यक्षिक त्यांनी करून दाखविले.

खासगी जीवन

इ.स. १९०५ मध्ये मार्कोनी यांचा विवाह आयरिश सरदार घराण्यातील बीट्रिस ओब्रायन यांच्याशी झाला. सततच्या प्रवासामुळे ते कुटुंबापासून बहुधा दूर असत. सप्टेंबर १९१२ मध्ये इटलीत झालेल्या मोटार अपघातात त्यांचा उजवा डोळा गेला. इ.स. १९२४ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. इ.स. १९२७ मध्ये त्यांनी मारिया क्रिस्तिना बेझ्झी-स्काली यांच्याशी दुसरा विवाह केला. या विवाहातून झालेल्या कन्येचे नाव त्यांनी आपल्या नौकेवरून इलेत्रा असे ठेवले.

फॅसिस्ट राजवटीशी संबंध

इ.स. १९१४ मध्ये मार्कोनी इटलीच्या सिनेटचे सदस्य झाले. इ.स. १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत ते इटलीचे प्रतिनिधी होते. इ.स. १९२३ मध्ये त्यांनी फॅसिस्ट पक्षात प्रवेश केला. बेनितो मुसोलिनी यांनी त्यांची राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या आणि पुढे इ.स. १९३० मध्ये इटलीच्या शाही अकादमीच्या अध्यक्षपदी नियुक्ती केली. ॲबिसिनियावरील इटलीच्या आक्रमणाचे त्यांनी परदेशांत समर्थन केले. अकादमीच्या कागदपत्रांत ज्यू उमेदवारांच्या नावांपुढे खूण केलेली आढळली असून या काळात एकाही ज्यू विद्वानाला सदस्यत्व मिळाले नाही. या कारणांमुळे त्यांच्या सार्वजनिक जीवनाच्या उत्तरार्धावर टीका केली जाते.

श्रेयाचा वाद

बिनतारी संदेशवहनाचे श्रेय एकट्या मार्कोनी यांना देणे अभ्यासक मान्य करीत नाहीत. रशियातील अलेक्सांद्र पोपोव्ह, अमेरिकेतील निकोला टेस्ला, ब्रिटनमधील लॉज आणि भारतातील जगदीशचंद्र बोस यांनी याच काळात मूलभूत संशोधन केले. बोस यांनी कोलकाता येथे मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले. लोखंड आणि पारा यांचा उपयोग करणाऱ्या ग्राहक साधनाचे वर्णन त्यांनी इ.स. १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले. सिग्नल हिल येथे मार्कोनी यांनी वापरलेले, इटालियन नौदलाकडून मिळालेले साधन याच प्रकारचे होते. जून १९४३ मध्ये, म्हणजे मार्कोनी यांच्या मृत्यूनंतर, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ट्यूनिंगविषयीच्या त्यांच्या अमेरिकी पेटंटातील प्रमुख दावे पूर्वीच्या संशोधनाच्या आधारे रद्द ठरविले. त्यांचे पहिले पेटंट या निकालाचा विषय नव्हते.

मृत्यू

२० जुलै, इ.स. १९३७ रोजी रोम येथे हृदयविकाराच्या झटक्याने मार्कोनी यांचे निधन झाले. इटली सरकारने त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार केले. त्यांच्या सन्मानार्थ अनेक बिनतारी केंद्रांनी दोन मिनिटे प्रसारण थांबविले. त्यांचे अवशेष पुढे व्हिला ग्रिफोने येथील समाधिस्थळी हलविण्यात आले. तो परिसर आता सास्सो मार्कोनी या नावाने ओळखला जातो.

वारसा

आजच्या भ्रमणध्वनी जाळ्यांत आणि कोणत्याही स्थिर मनोऱ्याविना उपकरणांनी परस्परांत उभारलेल्या तात्पुरत्या जाळ्यांत जे प्रश्न सोडवावे लागतात, त्यांपैकी बरेचसे प्रश्न मार्कोनी कंपनीच्या जहाजांपुढे उभे राहिले होते. माध्यम सामाईक असताना कोणी केव्हा बोलावे, टप्प्याबाहेरील केंद्राकडे संदेश कोणामार्फत पाठवावा, केंद्रे सतत हलत असताना मार्ग कसा ठरवावा, तातडीच्या संदेशाला वाट कशी मोकळी करावी आणि ऐकणारे केंद्र झोपलेले असल्यास काय करावे, हे ते प्रश्न होत. त्या काळी संदेशक नकाशा, ओळखखुणा आणि शिस्त यांच्या बळावर जे काम करीत, ते आता संगणकीय नियमसंच सेकंदाच्या अल्पांशात करतात. निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे परस्परांशी बोलू शकली पाहिजेत, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय मानकांमध्ये आज गृहीत धरले जाते. बिनतारी क्षेत्रात या तत्त्वाला पहिली आंतरराष्ट्रीय मान्यता इ.स. १९०६ च्या बर्लिन करारात, मार्कोनी कंपनीच्या धोरणाविरुद्ध मिळाली होती.